नरहरीचा खोटा नवस

मनवेलपाड्यातल्या नरहरी परुळेकरने आयुष्यात एकही गोष्ट शेवटाला नेलेली नाही, असं मीराचं, म्हणजे त्याच्या बायकोचं मत होतं. नरहरीला ते खोडून काढायची सोय नव्हती, कारण पुरावे घरातच होते. माळ्यावर पेटी होती, तिच्यावर त्याला 'सा'पासून 'प'पर्यंत येत होतं. कपाटात वकिलीच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं होती. दुसऱ्या वर्षाची घ्यायची वेळच आली नाही. बाल्कनीच्या दोन भिंती रंगवून झाल्या होत्या आणि तिसरी गेली सहा वर्षं 'येत्या रविवारी' होणार होती. वालीवला बादल्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा हा एक्कावन्न वर्षांचा गृहस्थ एके दिवशी जेवताना म्हणाला, की आपण जॉर्जियात सुरू होऊन आर्मेनियात संपणारी ऐंशी किलोमीटरची डोंगरातली शर्यत धावणार.

मीराने आधी त्याला ताक वाढलं. मग विचारलं, "अर्ध्यावर सोडलंत तर कुठल्या देशातून आणायचं तुम्हाला?"

झोंबलं हो! म्हणूनच त्याने फॉर्म भरून टाकला. ही एक गोष्ट पुरी करायचीच, मग पाय गळून पडले तरी चालतील, असं त्याने मनाशी ठरवलं. असं त्याने पेटी आणली तेव्हाही ठरवलं होतं, पण ते जाऊ द्या.

आता डोंगरात धावायचं तर डोंगर हवा. मनवेलपाड्यात चढ म्हणाल तर स्पीडब्रेकर. त्यामुळे नरहरीने जवळच्या डोंगरावरच्या जीवदानी देवीच्या देवळाच्या पायऱ्या धरल्या. हजाराच्या वर पायऱ्या, चढायचं आणि उतरायचं, दर रविवारी पहाटेपासून अशा पाच फेऱ्या. दुकानदाराने 'हे बूट तुम्हाला पळवतील' असं सांगून गळ्यात मारलेले पोपटी बूट घालून पहिल्या रविवारी तो दुसऱ्या फेरीला निघाला, आणि पायथ्याशी फुलं विकणाऱ्या अनसूयामावशीने त्याला अडवलं. मावशी सत्तरीची, गुडघे धरलेले, आवाज मात्र वरच्या देवळापर्यंत जाईल असा.

"परत चाललास? नवस हाय का?"

नरहरीला इतकी धाप लागली होती, की 'अल्ट्रामॅरेथॉन' हा शब्द तोंडातून निघणं शक्यच नव्हतं. तो म्हणाला, "हो."

"मंग पायात बूट कसले? काढ आदी!"

त्याने काढले. काय करणार? एकदा हो म्हटल्यावर माघार कशी घ्यायची? त्या दिवसापासून ते पोपटी बूट दर रविवारी मावशीच्या टोपलीमागे पडून राहिले आणि नरहरी अनवाणी पळू लागला. तिसऱ्या फेरीनंतर त्याने हळूच बुटांकडे हात नेला, तर मावशी कडाडली, "किती बोललावतास?" तो कसनुसा होऊन म्हणाला, "पाच." "मंग? नवसाची फेरी कोन अर्दी सोडतं का?" तेव्हापासून त्याच्या प्रत्येक फेरीला मावशी एक झेंडूचं फूल फळीवर बाजूला काढून ठेवायची आणि पाच फुलं झाल्याशिवाय बूट द्यायची नाही. माणिकपूरला डेरिक नावाचा एक जण धावणाऱ्यांना तयार करायचा, त्याने आखून दिलेला सराव नरहरीने चौथ्या दिवशी सोडला होता. मावशीपुढे मात्र पाच महिन्यांत एकही फेरी चुकली नाही.

पण नवस म्हटला की लोकांना कारण लागतं. नरहरीने कारण सांगितलं नाही, तेव्हा लोकांनी आपापलं शोधलं. एके दिवशी मीरा भाजी घेऊन आली ती फणफणतच. "बाजारात माणसं मला शहाळी देतायत तुमच्यासाठी! किडनी गेली म्हणे तुमची. एक की दोन, एवढंच विचारायचं बाकी ठेवलंय!"

"मी सांगतो सगळ्यांना खरं काय ते," नरहरी म्हणाला. अर्थातच तेही त्याने पुरं केलं नाही. जायच्या आधीच्या रविवारी तो मावशीला एवढंच बोलला, की दोन आठवडे बाहेर जायचंय, थोडं अवघड काम आहे. मावशीने त्याच्याकडे बघितलं, डोळ्यांना पदर लावला आणि कागदात बांधलेला अंगारा त्याच्या खिशात कोंबला. नरहरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो अंगारा तसाच खिशात घेऊन घरी आला.

शर्यतीचं काय सांगायचं! डोंगर सुंदर होते, पण ते बघायला मान वर करावी लागायची. पाच महिने अनवाणी पळालेल्या पायांनी त्या कोऱ्या पोपटी बुटांना ओळखच दाखवली नाही आणि विसाव्या किलोमीटरला फोड आले. तरी तो गेला. अठ्ठावन्नाव्या किलोमीटरला सरहद्द आली, पासपोर्टवर शिक्का बसला आणि पलीकडच्या तंबूत एका बाईने त्याच्या हातात गरम सूप दिलं. त्या तंबूतून पुढे निघायची मर्यादा संपायला अजून चाळीस मिनिटं होती. नरहरी खुर्चीत बसला. सूप प्यायला, मग दुसरी वाटी घेतली, आणि चाळीस मिनिटं बसूनच राहिला. कोणी उठ म्हणालं नाही, कोणी फुलं मोजत नव्हतं. मग एक माणूस आला आणि त्याने त्याच्या छातीवरचा नंबर काढून घेतला.

घरी त्याने सांगितलं, गुडघा गेला. मीरा एका शब्दानेही टोचून बोलली नाही. तिने तेल गरम करून त्या धडधाकट गुडघ्याला चोळलं, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

दोन रविवार तो घरातून बाहेर पडला नाही. तिसऱ्या रविवारी ठरवलं, निदान मावशीला तरी खरं सांगायचं. पायथ्याशी गेला तर फळीवर फडकं झाकलेलं आणि मावशी काठी आणि ओटीची पिशवी घेऊन उभी.

"आलास! देवीनं आनला तुला," ती म्हणाली. "मी बोललीवती, माजा पोर जिता परत आला तर पायरी चढून ओटी भरीन. दहा वरसं वर गेली नाय मी."

 रस्त्यातच मावशीचे पाय धरून नरहरीने सगळं भडाभडा ओकलं. आजार नव्हता मावशी, नवस नव्हता, शर्यत होती, तीही सोडली, गुडघ्याला काही झालेलं नाही, सूप गरम होतं म्हणून बसलो.

मावशीने ओटीची पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "तुजा नवस खोटा. माजा खरा हाय. चल."

"रोपवेने जाऊ या ना, मावशी."

"पालन्यात बसून नवस फेडतात? बूट काढ!"

दर दहा पायऱ्यांना ती बसत होती. खालून येणारी माणसं पुढे जाऊन, दर्शन घेऊन, परत उतरून त्यांना दुसऱ्यांदा भेटत होती. अर्ध्यावर मावशीचा पाय उचलेना. ती कठड्याला टेकून म्हणाली, "तूच ठेव जा ओटी. माज्यानं नाय होत." नरहरीला खरं तर तेच हवं होतं; इतक्या सावकाश चढून त्याच्या पोटऱ्यांचे गोळे झाले होते. तो पिशवी घ्यायला वाकला, आणि मग शेजारीच बसला.

"बसू या," तो म्हणाला. "फेरी अर्धी नाही सोडायची."

मनगटावरच्या धावायच्या घड्याळाने दोनदा विचारलं, व्यायाम संपला का? त्याने दोन्ही वेळा 'नाही' दाबलं. चार तास दहा मिनिटांनी मावशीने देवीची ओटी भरली आणि लहान पोरीसारखी रडली. नरहरीही रडला, उगाच घाम पुसल्याचं नाटक करत.

उतरताना पाळणा चालतो, असं मावशीनेच ठरवलं. खाली आल्यावर तिने फळीवरचं फडकं काढलं, झेंडूचं एक फूल उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "एक झाली. बाकीच्या चार तुज्या तू कर."

नरहरीने टोपलीमागच्या बुटांकडे बघितलं. मग निमूटपणे वळला आणि पहिली पायरी चढला.