सपाट डोक्याचे रिवेट

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, हवाई दलात फिटर होते. लढाऊ विमानांचा पत्रा दुरुस्त करणे हे त्यांचे काम. निवृत्त होऊन ते अनसिंगला परतले, तेव्हा मी वाशीमच्या एका दैनिकात नुकताच लागलो होतो. माझी छापून आलेली पहिली बातमी त्यांच्या सत्काराची होती. चार ओळींच्या त्या बातमीत मी त्यांना ‘निवृत्त वैमानिक’ म्हटले. ते हवाई दलात होते एवढेच मला माहीत होते. पुढे विचारले नाही. खरे कळले तेव्हा खुलासा छापायला उशीर झाला, असे मी ठरवून टाकले.

गाव तेव्हापासून त्यांना पायलटसाहेब म्हणते. शाळा दर सव्वीस जानेवारीला त्यांना भाषणाला बोलावते आणि नेमके त्याच दिवशी त्यांचे शिरपूरला काम निघते.

गेल्या हिवाळ्यात शाळेने लढाऊ विमानांचा इतिहास सांगणारी चार मॉडेल करायचे ठरवले. काम धान्यासाठी पत्र्याच्या कोठ्या करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले, देखरेख मोठेबाबांकडे आणि फलकांचा मजकूर माझ्याकडे. मुख्याध्यापकांनी माझ्या हाती त्या चार ओळींच्या बातमीचे जुने कात्रण ठेवले. उद्घाटन पायलटसाहेबांच्या हस्ते, यंदा त्यांनी उड्डाणाचे अनुभव सांगायचेच, असे ते म्हणाले.

मजकूर तपासून घ्यायला मी मिस्त्रींच्या दुकानात गेलो. मोठेबाबा तिथेच होते. पहिले मॉडेल दुहेरी पंखांचे होते: लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड. सुरुवातीची लढाऊ विमाने अशीच असत. दुसरे धातूचे, पुढे पंखा असलेले. तिसरे जेट. त्याच्या पत्र्यावर मिस्त्रींनी, पत्रे जोडायला कोठीवर ठोकतात तसे, फुगीर डोक्याचे रिवेट ओळीने बसवले होते.

“कोठी हाय का हे?” मोठेबाबांनी विचारले.

“पायलटसाब, मजबूत हाय. वर दोन मानसं उभी राह्यली तरी पिचकनार नाई.”

“मजबूत हाय, पन हे डोकं हवेले अडवते. इमानाचा वेग वाढला, तसं डोकं बाहेर ठेवनं बंद झालं. भोकाच्या तोंडाशी खड्डा कर, त्यात डोकं बसव. वरून बोट फिरवलं तर लागलं नाई पायजे.”

“म्हंजे सारे काढू?”

“सारे.”

मग त्यांनी हातोडी घेतली आणि सहा रिवेट स्वतः बसवून दाखवले. मिस्त्री त्यांच्या हातांकडे पाहत होते.

“साब, गुस्सा नका करू. ड्रायव्हर बोनट उघडून इतकं बारीक सांगत नाई. तुमी इमान उडवत होते का ठोकत होते?”

“ठोकत होतो.”

“मंग पायलट कोनं केलं?”

“पेपरात आलं होतं,” मोठेबाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

ती बातमी माझी होती, हे मी मिस्त्रींना सांगितले. मग मोठेबाबांना विचारले, “तवाच काहून नाई बोलले तुमी?”

“तुही पह्यली बातमी होती. तुहा बाप कात्रन खिशात घालून गावभर दाखवून राह्यला होता. त्याले काय म्हनू, पोरानं खोटं लिवलं?”

मिस्त्रींनी चौथ्या मॉडेलचा विषय काढला. आजच्या विमानाला कोणता पत्रा लावायचा?

“पत्रा कमी झाला आता. कार्बनच्या धाग्याचं कापड विनतात, थरावर थर चिकटवतात, भट्टीत तापवतात.”

“म्हंजे फिरून शिंपीच आला! अन् मी कायले बीचातच भरती झालो?”

“आपन दोघंबी बीचातलेच,” मोठेबाबा म्हणाले आणि हसले.

मी फलकावर ‘मार्गदर्शन : निवृत्त फिटर, हवाई दल’ असे लिहिले. मोठेबाबांनी ते दोनदा वाचून परत दिले. कात्रण मुख्याध्यापकांना परत देताना, चूक माझी होती, असे सांगितले. त्यांनी कात्रण घडी करून पुन्हा फाइलला लावले.

सव्वीस जानेवारीला शिरपूरला काम निघाले नाही. मोठेबाबा माइकसमोर दहा मिनिटे बोलले, सगळे रिवेटबद्दल. आभार मानताना मुख्याध्यापक सवयीने ‘आपले पायलटसाहेब’ म्हणाले.

“फिटर,” मोठेबाबा बसल्या जागेवरून म्हणाले. माइक नसूनही ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. मी तिथेच बसलो होतो.