सव्वातीन इंचांची मेहेरबानी

वैनींनी खांबाला टेप लावला, काढला, पुन्हा लावला.

"भावजी, जमिनीत दोन फूट जाणार. मग वर साडेतीन फूट का भरत नाही?"

मी हसत म्हणालो, "ते मी मुद्दाम कमी केलंय."

वडीगोद्रीत हायवेला लागून माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ट्रॉल्या, शटर, गेट, आणि आसपासच्या शाळांचे व्हॉलीबॉलचे खांब. वैनी म्हणजे गावातल्याच एका घरच्या सूनबाई. पुण्यात एका टेनिस क्लबात कोर्टांची देखभाल त्यांच्याकडे होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या क्लबात बायकांची देशादेशांमधली टेनिस स्पर्धा भरणार होती. म्हणजे एकेकट्या खेळाडूची नाही, देशाच्या संघाची. दोन सिंगल्स, एक डबल्स. तीनपैकी दोन जिंकेल तो देश विजयी. ऐनवेळी त्यांच्या नेहमीच्या सप्लायरनं हात वर केले. वैनींच्या सासरचं गेट मी केलेलं होतं आणि ते अजून कुरकुरत नव्हतं. तेवढ्या भरवशावर त्यांनी कमिटीपुढे माझं नाव टाकलं. "ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून?" असं म्हणून कमिटी हसली. वैनींनी सांगितलं, "जबाबदारी माझी."

काम मोठं नव्हतं. नेटचे दोन खांब आणि दोन सिंगल्स स्टिक. टेनिसचं नेट डबल्सच्या रुंदीचं असतं. सिंगल्सचं मैदान त्याहून अरुंद. म्हणून सिंगल्सच्या वेळी खांबांच्या आतल्या बाजूला नेटखाली दोन काठ्या टेकवतात आणि नेट तिथं उचलून धरतात. डबल्सला त्या काढून ठेवतात. उंची दोन्हींची सारखीच, साडेतीन फूट.

आता माझी अक्कल ऐका. व्हॉलीबॉलमध्ये बायकांचं नेट पुरुषांपेक्षा खाली असतं. शाळांचे खांब करून करून हे माझ्या हाडात मुरलेलं. ऑर्डरवर पाहिलं तर बायकांची स्पर्धा, आणि उंची साडेतीन फूट! मला वाटलं, वैनी घाईत पुरुषांचं माप देऊन बसल्या. मी कागदावर त्रैराशिक मांडलं, व्हॉलीबॉलच्या प्रमाणात सव्वातीन इंच उतरवले, आणि खांब, काठ्या सगळं कापून रंगवूनसुद्धा टाकलं. वर मनात म्हटलं, वैनी खूश होतील.

"बायांचं नेट खाली ऱ्हातंय ना, वैनी. मी बराबर हिशेब लावला."

"टेनिसला न्हाई ऱ्हात!" वैनींचं पुणं एका झटक्यात गळून पडलं. "बाप्ये अन् बाया एकाच नेटावर खेळत्यात. उद्या बाहेरदेशाचा रेफरी येऊन राह्यला. तो आधी नेट मोजतो. कमी भरलं तर कोर्टच न्हाई देणार. मंग कमिटी कोणाला धरंल?"

"मॅडम, करू काहीतरी," मी म्हणालो. वैनीची मॅडम कधी झाली ते माझं मलाच कळलं नाही.

वेल्डर रफिक मागून म्हणाला, "बप्पा, मी बोल्लो होतो, एक फोन लावा. तुम्ही बोल्ले, मला शिकवू नको."

चहा घेऊन आलेली आमची बायको तेवढ्यात बोललीच. "बायांसाठी कमी करायची एवढी हौस ऱ्हाती, तर चक्कीवर न्यायचा दळणाचा डबा हलका करायचा व्हता."

माल न्यायला वैनी पुण्याहून जीप घेऊन आल्या होत्या आणि दुपारी निघायचं होतं. तसला पाइप संपलेला. त्यात लाइट गेलेली, म्हणजे वेल्डिंग बंद.

खांबांचं सोपं निघालं. कोर्टात काँक्रीटमध्ये एक नळी पुरलेली असते, खांब तिच्यात उतरतो. नळीच्या तळाशी सव्वातीन इंचांचा लोखंडी ठोकळा टाकला की खांब तेवढाच वर येतो. कोणाला दिसतही नाही. काठ्या मात्र उघड्या जमिनीवर उभ्या राहतात. मी जरा जाड पाइपचे दोन तुकडे आरीनं कापले, खालून बूड बसवलं आणि काठ्यांच्या पायात बुटासारखे चढवले. रफिकनं हातड्रिलनं भोकं पाडून बोल्ट आवळले.

"तुम्ही पण जीपमध्ये बसा," वैनी म्हणाल्या. "रेफरीनं विचारलं तर तुम्हीच सांगा."

रेफरी म्हणजे टोपीवाला गोरा साहेब, हेही मी परस्पर ठरवून टाकलेलं. सकाळी कोर्टावर आली एक बाई. केस पांढरे, हातात स्वतःचा टेप. तिनं नेट मधोमध मोजलं, खांबांपाशी मोजलं, मग काठ्यांपाशी गुडघ्यावर बसली. बाईनं बुटाला बोट लावून काहीतरी विचारलं.

"हे काय आहे, विचारतात," वैनी म्हणाल्या.

"बूट," मी म्हणालो. मला तेवढंच सुचलं.

वैनींनी इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे. बाईनं काठी हलवून पाहिली. काठी हलली नाही. मग बोल्टच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"टोक कोणाच्या पायाला लागेल, म्हणतात. घासून द्या. बाकी माप बरोबर आहे," वैनींनी मला सांगितलं.

कोर्टावर चपला चालत नाहीत, म्हणून त्या बाहेर काढल्या होत्या. मी नुसत्या मोज्यांनिशी खाली बसून कानस चालवली. बाई समोर उभी राहून बघत होती. शेवटी अंगठा पुन्हा फिरवून "ओके" म्हणाली. वैनी तिथंच खुर्चीत बसल्या आणि बाटलीभर पाणी एका दमात प्याल्या.

सामने झाले. सिंगल्समध्ये एक आपण, एक त्यांनी. निकाल डबल्सवर. माझ्या काठ्या काढून बाजूला ठेवल्या गेल्या. लोक बॉल बघत होते, मी खांब. शेवटच्या पॉइंटला आपल्या मुलीनं मारलेला बॉल नेटच्या वरच्या पट्टीला लागला, जरा उडाला आणि आपल्याच बाजूला पडला. हरलो.

माझ्या शेजारचे गृहस्थ कळवळून म्हणाले, "अरेरे! दोन-तीन इंच खाली हवं होतं हो नेट."

पलीकडे बसलेल्या वैनींनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. पायात चपला होत्या.

तेव्हापासून कोणावर मेहेरबानी करायची झालीच, तर मी आधी विचारून घेतो. बहुतेक जण नको म्हणतात.