अखाजीचा मुराळी

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी नातीने मला देवपूरच्या घरातून अक्षरशः हाताला धरून ओढत नेलं. हायवेलगत पाळण्यांची नवी बाग झाली होती आणि तिला आजीसोबतच आकाशपाळण्यात बसायचं होतं. "उन्हात माणसं पापडासारखी भाजताहेत आणि हिला पाळणे सुचतात," मी कुरकुरले. गेले मात्र.

आमचा डबा वर पोचला आणि लाईट गेली. जनरेटर होता, पण डिझेल परवडत नाही म्हणून तो नुसता शोभेला. शेवटी माणसांनी चाक हातांनी ढकलत एकेक डबा खाली आणला. मी सगळे देव पाण्यात ठेवले. नात वरून कोरडी पांझरा नदी बघत "अजून हळू!" म्हणत होती.

खाली सगळंच मुकं झालं होतं. मला बागवाल्याची कीव आली. लाईट अशीच जाऊ लागली, तर त्याचा धंदा कसा चालायचा आणि या पोरांनी खेळायचं कुठे? तेवढ्यात तिकिटं फाडणाऱ्या बाईने बंद पडलेल्या होडीच्या पाळण्याचा दोर सोडून कडुनिंबाला बांधला आणि माझ्या माहेरच्या बोलीत सगळ्या बायकांना हाक दिली, "लाइटनं काही खरं नही. बठ्ठ्या या वं, झोका बांधेल शे!"

बायका धावल्या, गाणी सुरू झाली. नात झुलून आली. "आजी, आता तू."

"अगं, अखाजीचा झोका माहेरी आलेल्या लेकीचा. माझा भाऊ मुराळी होऊन मला सासरहून न्यायला यायचा, मग मी माहेरी पारोळ्याला जाऊन झुलायचे. तो गेला, घराला कुलूप लागलं. आता मला कोण नेणार?"

भाऊ गेल्यापासून मी एकाही झोक्यावर बसले नव्हते. त्याची आठवण अजून सोसत नाही.

"मुराळी काय करतो?"

"घरी येतो, हाताला धरून घेऊन जातो."

"मग आज तुला कोणी आणलं?"

तिचा घामेजलेला इवलासा हात पुन्हा माझ्या मनगटावर होता. डोळे पुसले, पदर खोचला आणि रांगेत घुसले. कित्येक वर्षांनी माहेरची बोली तोंडात आली.

"सरका वं बाया, मना मुराळी येल शे!"