मीठ लावलेली कैरी

आई कैरी चिरतेय. त्या वासानं शिरूरची आमची भाडेकरीण आठवली. नवरा रांजणगावला कंपनीत, दोघं बिहारची. तिचे हातपाय काडीसारखे, पोट मात्र पुढं आलेलं. "डोहाळं लागल्यात पोरीला, सांगायला लाजतीय," म्हणत आई तिला रोज मीठ लावून कैरी द्यायची. ती मिटक्या मारत खायची. पुढं ताप हटेना, तेव्हा दवाखान्यात कळलं, पोटात बाळ नाही, प्लीहा वाढलीय. वाळूमाशी चावून होणारा काळा आजार. तिकडचाच; आदल्या वर्षी ती गावी राहून आली होती. बरी होऊन ती परतली, पण ओशाळलेली आई तिच्यासमोर जाईना. शेवटी तीच दारात आली. "अम्मा, कैरी देना क्यों बंद किया?" आता ती दौंडला असते. सकाळीच तिचा फोन आला, "अम्मा, इस बार सचमुच पेट से हूँ."