राजधानीचा मुआयना

पदराच्या टोकाची चौघडी करून ती नाकाला लावायची, मान जरा मागे टाकायची, नजर समोरच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे, आणि मग म्हणायचं, "हं. मुआयना झाला." आमच्या वस्तीत हे एकाच बाईला जमायचं, मावशीला. नव्या सुनेची भाजी असो, कुणाचं बारशाचं बाळ असो, मावशी आधी पदर नाकाला लावायची. सगळे हसायचे. नक्कल कुणाची आहे हे मात्र हसताना कुणी विसरत नव्हतं.

मुआयना म्हणजे पाहणी. निजाम गेला, आंध्र प्रदेश आला, पण आदिलाबादच्या कचेऱ्यांतून तो शब्द काही गेला नाही. ज्या साहेबाची ती नक्कल करायची, तो एका दुपारी जीपमधून आमच्या वस्तीच्या मुआयन्याला आला होता. इंद्रवेल्लीकडे जाणारा रस्ता रुंद करायचा होता म्हणे. साहेब खाली उतरला नाही. काच अर्धी उतरवली, पांढऱ्या रुमालाची चौघडी नाकाला लावली आणि बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला मावशीचं घर होतं. शिपायानं भिंतीवर लाल फुली मारली, खाली बाण काढला.

मावशी हातातलं पीठ तसंच घेऊन जीपपाशी गेली आणि का, एवढंच विचारलं. "काऊन, सायेब?"

साहेबानं तिच्या डोक्यावरून पाहिलं आणि शेजारच्या कारकुनाला सांगितलं, "नोटीस चिपकाए थे. घर पे नहीं होंगे."

नोटीस कुणीच पाहिली नव्हती. मावशी घरी नाही असा दिवस तर वस्तीनं कधी पाहिला नव्हता. घर पडलं. रस्ता रुंद झाला का? नाही! तो आजही तेवढाच आहे, दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीनं थांबायचं. म्हणजे ते घर कशासाठी पाडलं, हे ज्याला माहीत होतं तो एकच माणूस होता, आणि तो बदली होऊन निघून गेला.

माझे वडील मास्तर. आमच्या घरात धान्याच्या कोठीपेक्षा चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे उंच होते. मी मुळाक्षरं त्यांच्यावरून शिकले, त्यामुळे माझ्या वाक्यांच्या शेवटी उद्गारचिन्ह आपोआप येतं. त्या आठवड्यात मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. त्यात 'जाहीर निषेध' बऱ्याच वेळा होता. मावशीला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिवलं, पोरी. पण सायबाले मराठी वाचता येते काय?"

तिचा नवरा, आमचे काका, कापसाच्या जिनिंगमध्ये ड्रायव्हर होते. हात रिकामा असला की गाड्यांचे नंबर रंगवून द्यायचे. बोलायचे कमी, रंगवायचे सुरेख. मालकानं भंगारात काढलेली जुनी मेटॅडोर त्यांनी मागून आणली आणि नीट केली. तिच्यावर पत्र्याची खोली चढवली. पाडलेल्या घराची खिडकी एका बाजूला बसवली, मागे तोच जुना दरवाजा लावला. आत झोपायची फळी, स्टोव्ह, आणि एका कोपऱ्यात वंदनेसाठी लहानशी बुद्धमूर्ती. आणि ही गाडी कुठे उभी केली म्हणता? जिथे घर होतं, नेमकी तिथेच. पुढे एक नवा अधिकारी आला, गाडीभोवती दोनदा फिरला.

"ये क्या है?"

"गाडी हाये, सायेब. उभी केली," काका म्हणाले.

चाकांवर फुली मारायचा हुकूम त्याच्याकडे नव्हता. तो गेला. मावशीनं पदर नाकाला लावला.

अशी काही वर्षं गेली. मी कॉलेजात गेले. मग एक दिवस मावशीनं वस्तीत सांगून टाकलं, "आमी दोघं हैदराबादले चाललो. राजधानी पाहाची हाये." काका जिनिंगमधून नुकतेच निवृत्त झाले होते, तेव्हा लोकांना त्यात विशेष वाटलं नाही. मी ज्वारीच्या पिठाचा डबा गाडीत चढवायला मदत करत होते. फळीखाली लाल ऑइल पेंटचा डबा आणि नवा ब्रश दिसला.

"हे कशाला, मावशी?"

"काकाले वाटेत नंबर लिवाले लागते."

काका दुसरीकडे पाहत होते.

पुढचं मी त्या दोघांच्या तोंडून ऐकलं. परत आल्यावर गाडीच्या पायरीवर बसून मावशी सांगायची, काका मध्येच दुरुस्ती करायचे. वस्तीनं ती गोष्ट इतक्यांदा सांगायला लावली की मला ती पाठ आहे.

"निर्मलच्या घाटात गाडी तापली," ती सुरू करायची.

"तापली नाई, दम खाल्ला तिनं."

"बरं, दम खाल्ला. मंग चारमिनारले गेलो. पाह्यते तं काय, भररस्त्यात! चारी बाजूनं गाड्या चालू, अन् हा मधात उभा. रिक्षावाल्याले इचारलं, याले काऊन नाई पाडलं? तो म्हणे, अम्मा, ये चारमिनार है. म्हटलं, ते दिसते मले. माह्यं घर तं कडेले होतं!"

"त्या रिक्षावाल्यानं हात जोडले हिले," काका म्हणायचे.

मग ते टँकबंडवर, तलावाच्या बांधावर गेले. तलावाच्या मधोमध बुद्ध उभा होता. एवढ्या एकाच ठिकाणी तिनं नाकाला पदर लावला नाही, हात जोडले. "पाण्यात उभं केलं त्याले," ती मला म्हणाली. "जमिनीवर जागा नसन देली कोणी."

विधानसभा त्यांनी बाहेरून पाहिली. पोलीस म्हणाला, गाडी काढा. मावशी म्हणाली, "काढतो, भाऊ. आमाले आणखी एक जागा पाहाची हाये."

ती जागा म्हणजे साहेबाचा बंगला. निवृत्त होऊन साहेब राजधानीत राहत होता. त्याच्या जुन्या जीपचा ड्रायव्हर काकांच्या ओळखीचा, त्यानं पत्ता सांगितला होता. शांत गल्ली, फाटकाबाहेर कुंड्यांची रांग, पांढरीशुभ्र कंपाउंडची भिंत. काकांनी गाडी समोरच्या बाजूला झाडाखाली लावली. दुपार होती, गल्ली झोपली होती. काकांनी डबा उघडला, रंग ढवळला आणि ब्रश हातात घेतला.

"आना इकडे," मावशी म्हणाली. "हात माह्या राहीन."

तिनं भिंतीवर फुली मारली. हातभर लांब. खाली बाणही काढला, तिच्या भिंतीवर होता तसाच. मग गाडीत येऊन खिडकीशी बसली आणि मेथी निवडायला लागली. खिडकी तिच्याच पाडलेल्या घराची, हे मी तुम्हांला सांगितलं आहेच.

उन्हं उतरल्यावर साहेब काठी घेऊन बाहेर आला. चार पावलं गेला, वळला आणि थांबला. त्या गल्लीत बँकवाले असतील, डॉक्टर असतील. त्यांच्यासाठी ती कुणा वात्रट पोराची रेघ होती. ती फुली वाचता येणारा माणूस तिथे एकच होता. त्यानं बोट लावलं. बोट लाल झालं. तो फाटकाला धरून उभा राहिला.

"रुमालानं बोट पुसत होता, लाल काई जाईना," मावशी सांगायची, आणि हे सांगताना तिचा आवाज गोड व्हायचा, लेकीच्या लग्नाचं सांगावं तसा.

साहेबाची बायको बाहेर आली. नवऱ्याचं तोंड पाहूनच ती एकेक कुंडी उचलून आत न्यायला लागली. मावशी गाडीतून उतरली. साहेबाला वाटलं, हिनं पाहिलं असेल.

"कौन आया था? कौन से ऑफिस से?"

मावशीनं पदराची चौघडी नाकाला लावली. "मुआयना हो गया, साब."

"ऐसे कैसे? नोटीस तो देना था!"

"चिपकाए थे, साब. घर पे नहीं होंगे."

"मगर क्यों?"

इथे मावशी नेहमी थांबायची. मग ती मान मागे टाकून समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहायची, आणि आम्हांला कळायचं की साहेबाला उत्तर म्हणून एवढंच मिळालं.

जाता जाता तिनं एक काम केलं, जे मला तेव्हा मुळीच पटलं नाही. सगळ्यांत जड कुंडी साहेबाच्या बायकोला उचलत नव्हती. मावशीनं ती दुसऱ्या बाजूनं धरली आणि व्हरांड्यात नेऊन ठेवली.

"काऊन केलं तसं?" मी भांडले. "त्यांनी तुझं एक गाडगं तरी उचललं होतं का?"

"त्या बाईनं कोनाचं घर पाडलं, पोरी? कंबर धरून उभी होती बिचारी."

काकांची तक्रार वेगळी होती. "सांगाले पाह्यजे होतं त्याले, आमी कोन ते."

"वेडे का खुळे तुमी?" मावशी उसळायची. "आमी कोन ते कळलं असतं, तं कोन्या म्हातारीनं राग काढला म्हनून तो निजला असता. आता त्याले वाटते, आज येतीन, उद्या येतीन. जागू द्या त्याले."

माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून इतका नेमका सूड नव्हता. मला कुणी विचारलंच, तर मी त्या कुंडीसकट तिच्या बाजूनं उभी राहीन.

मावशी त्यानंतरच्या हिवाळ्यात गेली, तापानं, त्याच फळीवर. काकांनी तिरडी बांधू दिली नाही. "घरातूनच जाईन ते," म्हणाले. त्यांनी मेटॅडोर सुरू केली आणि तिचं घर तिच्यासह स्मशानापर्यंत नेलं. आम्ही मागून चालत गेलो. नंतर काका गाडी घेऊन मंचेरियलला लेकीकडे गेले. वस्तीत त्या जागेवर आता ऑइलचा काळा डाग आहे, आणि लिंबाच्या झाडात तिच्या कपड्यांच्या दोरीचा खिळा.

मागच्या वर्षी परीक्षेसाठी मी हैदराबादला गेले. चारमिनार अजून भररस्त्यात आहे. काकांनी दिलेल्या पत्त्यावर मी विचारत विचारत त्या गल्लीत गेले. कंपाउंडला ताजा चुना मारलेला होता, पण एका ठिकाणी त्याचे पोपडे सुटले होते. ऑइल पेंटवर चुना धरत नाही, हे काकांना ठाऊक होतं. पोपड्यांच्या आत फुली तशीच होती, खाली बाण. जमिनीवर जुन्या चुन्याच्या खपल्यांचा थर होता. किती वेळा मारला असेल!

व्हरांड्यात कुंड्या दाटीवाटीनं ठेवलेल्या होत्या. एकही पुन्हा बाहेर आली नव्हती. त्यांच्या मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि एक म्हातारा काठी टेकत फाटकापर्यंत आला. माझ्या खांद्याला पिशवी होती आणि मी त्याच्या भिंतीकडे पाहत होते.

"ए आफीसु, अम्मा?" त्यानं तेलुगूत विचारलं. कोणत्या ऑफिसातून आलात?

मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं आणि चालू लागले. वळणापर्यंत त्याची हाक मागे येत होती. ए आफीसु? ए आफीसु?