आमच्या मॅनेजरची शेवटची टीम

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी फुटबॉल खेळायला लागले. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात मी फार्मसिस्ट. तिथल्या एका नर्सने बायकांच्या टीममध्ये जागा रिकामी आहे म्हणून मला ओढून नेलं आणि मी हरखूनच गेले. चिखलात मनसोक्त लोळायचं आणि वर कुणी रागवायचं नाही, हे सुख पुण्यात मला कुणी दाखवलंच नव्हतं.

आमचा मॅनेजर इंग्रज. तरुणपणी तिकडे स्ट्रायकर होता, गोलामागून गोल ठोकायचा. गुडघा गेल्यावर मॅनेजर झाला आणि चार क्लबांनी त्याला पाठोपाठ नारळ दिला. शेवटी लेकीच्या मागोमाग न्यूझीलंडला आला आणि लीगमधल्या सगळ्यांत खालच्या, म्हणजे आमच्या टीमच्या वाट्याला आला. भर थंडीत जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून तो मैदानाच्या कडेने असा ओरडायचा, जणू लाखभर माणसं बघताहेत. बघायला असायचे माझी मुलगी आणि दोन-तीन कंटाळलेले नवरे.

त्या सीझनला आम्ही एकही मॅच जिंकलो नव्हतो. मैदानच उतरतं आहे, असं आमचं ठाम मत होतं. नाचता येईना अंगण वाकडं. क्लबच्या अध्यक्षीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, शेवटची मॅच जिंका, नाहीतर टीम बंद. टीम बंद म्हणजे मॅनेजरही घरी. "सत्तरीच्या म्हाताऱ्याला आता कोण घेणार?" असं तो हसत म्हणाला आणि मला भयंकर वाईट वाटलं. कारण त्याने मोठ्या विश्वासाने मला स्ट्रायकर केलं होतं आणि माझ्या नावावर एकही गोल नव्हता.

दोष पायांचा नव्हता, संस्कारांचा होता. कुणाला पाय लागला की माझा हात आपोआप खाली जायचा, त्या बाईला स्पर्श करून छातीशी यायचा. आणि फुटबॉलमध्ये पाय लागतोच लागतो! माझा नमस्कार होईपर्यंत बॉल दुसऱ्या टोकाला.

"लव्ह, मी जन्मात एकाही डिफेंडरला सॉरी म्हटलेलं नाही," मॅनेजर कळवळून सांगायचा. 'लव्ह' तो सगळ्यांनाच म्हणायचा.

शेवटची मॅच शून्य-शून्य. पाचेक मिनिटं उरलेली असताना आम्हाला कॉर्नर मिळाला. गोलपुढच्या गर्दीत माझा बूट एका धिप्पाड डिफेंडरच्या नडगीला लागला. झालं! मी वाकले, तिच्या पायाला हात लावला, छातीशी नेला. मला काहीतरी झालं असं वाटून ती बिचारी "यू ओके?" म्हणत खाली वाकली, नेमकी मी उभी राहत असताना. एरवी जो तिने सहज उडवून लावला असता, तो कॉर्नरवरून आलेला बॉल माझ्या कपाळावर फाडकन आदळला आणि गोलात गेला.

गंगेत घोडं न्हालं! मी किंचाळले, नर्स किंचाळली, आम्ही सगळ्या एकमेकींवर कोसळलो. त्या ढिगात किती जणींना माझे पाय लागले देव जाणे. एकीलाही नमस्कार केला नाही. "आई, यू बाउड टू हर!" मुलगी रेषेवरून ओरडत होती. उरलेला वेळ आम्ही बॉल नुसता कारपार्कात मारत काढला.

शिट्टी झाली तशा अध्यक्षीणबाई मैदान ओलांडून मॅनेजरकडे निघाल्या. त्यांना येताना बघून तो खाली वाकून कडेचे प्लास्टिकचे कोन गोळा करायला लागला. आपण जिंकलोय, हेसुद्धा त्याला पुरेसं वाटत नसावं. चारही क्लबांत असंच कुणीतरी चालत आलं असणार.

"मार्चमध्ये नवा सीझन सुरू झाला की प्रॅक्टिस मंगळवारी ठेवायची की गुरुवारी?" बाईंनी विचारलं.

गोळा केलेले कोन त्याने एकेक करून पुन्हा जागेवर मांडायला घेतले.