पांढरीची माती

नांदेडला माझ्या शाळेत मधली सुट्टी चालू होती, तेव्हा महादूमामांचा फोन आला. औशाच्या कॉलेजात ते शिपाई होते. "सुमनताई, बिराजदार सर गेले बघा. सकाळीच." मी 'बरं' म्हणाले आणि पुढचा तास घेतला. त्याला आता दीड महिना झाला. रडू आलं नाही, याचंच वाईट वाटत राहिलं... सरांशी एक गोष्ट बोलायची राहिली होती, आणि त्यात दोष माझाच होता.

सर त्याच कॉलेजात आम्हाला इतिहास शिकवायचे, पण गाव त्यांना ओळखायचं ते शनिवारच्या व्याख्यानांमुळे. संध्याकाळी, फुकट, कुणीही यावं. लातूर जिल्हा नवा झाला होता. कुणाची कुठल्या कचेरीत वर्णी लागली, याखेरीज लोकांना विषय नव्हता, आणि सर एका खापरावर तासभर बोलत. आडतीवरचे हमाल यायचे, शिक्षक यायचे, बस सुटायला अवकाश असलेले तर हमखास यायचे. कुणी शेतातून खापर, मणी, विटेचा तुकडा आणला की सर चिठ्ठी लिहीत: गाव, जागा, आणि खाली 'आणणाऱ्याचं नाव'. मग ते नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत. आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसाचं नाव चारचौघांत असं मानानं वाचलेलं मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं. आपलंही एकदा वाचलं जावं, असं मला फार वाटायचं.

गावाशेजारी राखी-पांढऱ्या मातीचं टेकाड दिसलं तर ती पांढर, जुन्या वस्तीची जागा, हे त्यांनीच शिकवलं. "राख, शेण, पडलेल्या भिंती... माणसं राहून राहून माती मऊ पडते. भर उन्हाळ्यात बी कुदळ सहज जाते," सर म्हणाले होते. मी ते वहीत उतरवून घेतलं.

त्या साली पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला. माय आणि मी रोजगार हमीच्या रस्त्यावर जायला लागलो. भरावाची माती खणायची, आणि जमीन अशी की कुदळ उडून परत यायची. मायच्या तळहाताचे फोड फुटले, तरी फडकं गुंडाळून ती खणतच होती. तिसऱ्या दिवशी मला ते बघवेना. आमच्या गावाशेजारच्या पांढरीकडं बोट करून मी मुकादमाला म्हणाले, "त्या टेकाडाची माती मऊ हाय. तिथून घ्या की." त्यानं कुदळ मारून पाहिली. "पोरगी लई हुशार हाय," म्हणाला. बायांनी मला दुवा दिला. पंधरा दिवसांत टेकाड रस्त्याखाली गेलं. टोपल्यांतून खापरं जाताना दिसत होती, काळी, तुकतुकीत, सर दाखवायचे तशीच. मी टोपली उचलत राहिले.

सर सायकलवर आले तेव्हा कडेचा एक तुकडा उरला होता. ओरडले नाहीत. उन्हात उकिडवे बसून रुमालात खापरं गोळा करत राहिले. मायनं फडकं गुंडाळलेल्या हातांनी पाणी दिलं. अर्धंच पिऊन त्यांनी तांब्या परत केला आणि विचारलं, "ही जागा कुणी दाखवली?"

माय माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "ठाव न्हाई."

त्या शनिवारी सरांनी ती खापरं टेबलावर मांडली, चिठ्ठी घेतली आणि मलाच विचारलं, "सुमन, तुझ्या गावची हायेत. खाली नाव कुणाचं लिहू?" मी मान वर केली नाही. "बरं. मागून लिहू," म्हणून ते पुढं बोलायला लागले. त्यानंतर मी व्याख्यानाला गेले नाही. पुढं नांदेडला नोकरी लागली. बऱ्याच वर्षांनी सर लातूरच्या स्टँडवर भेटले. इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, "मायचे हात कसे हायेत आता?"... म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. "बरे हायेत," मी म्हणाले आणि बसमध्ये चढले. मायसाठी ते टेकाड दाखवलं, आज दाखवीन की नाही, सांगता येत नाही. खोटं बोलले ते मात्र अजून बोचतं.

गेल्या रविवारी औशाला जाऊन आले. महादूमामांनी कॉलेजातलं सरांचं कपाट उघडून दिलं. ओळीनं ट्रे, प्रत्येकात चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर कुणाचं ना कुणाचं नाव. आमच्या गावचा ट्रे खालच्या फळीवर होता. सरांच्या बारीक अक्षरात गाव होतं, जागा होती, 'दुष्काळात गेली' असंही होतं. 'आणणाऱ्याचं नाव' याच्या पुढं मात्र कोरं. इतकी वर्षं त्यांनी तिथं दुसरं काहीच लिहिलं नव्हतं.

मी पर्समधून पेन काढलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. मोठ्यानं वाचायला सर नव्हते.